पिठात पुरलेली नळी

कात्रप, बदलापूर
शुक्रवार, ८ ऑगस्ट २०२५

ताई,

पत्र फेकायचं असेल तर फेक, पण आधी खालचा लाडवांचा डबा काढून घे. आईने दोन दिवस बेसन भाजलंय.

तू मला फोनवर ब्लॉक केलंस, व्हॉट्सअ‍ॅपवर केलंस. आईच्या फोनवरून बोललो तर "हॅलो"लाच ओळखून कट केलास. आणि आई म्हणते तुमच्या आश्रमशाळेत रेंज तशीही पाण्याच्या टाकीवर चढल्यावरच येते. म्हणून वहीची पानं फाडून लिहितोय. दहावीच्या पेपरात पण एवढं लिहिलं नव्हतं, मार्क बघ ना माझे. आज शुक्रवार, लाईट नाही, आपली पिठाची गिरणी बंद. आण्णा गहू ठेवायच्या बाकावर आडवे झालेत आणि घोरतायत, म्हणजे गिरणीचा आवाज काही बंद नाही.

उद्या राखी. काल पोस्टमन आला होता. मी विचारलं पण नव्हतं, त्यानेच सांगितलं, "तुझं काही नाही रे."

आता मुद्दा. आई मला रोज विचारते, नक्की काय केलंस तू तेजूला. दर वेळी मी काहीतरी वेगळं सांगतो. तर एकदा क्रमाने लिहून टाकतो, पोलीस चौकीत देतात तसं.

जूनमध्ये कात्रपच्या शाळेत तुझा डेमो पाठ होता. पास झालीस की पर्मनंट, घरापासून सात मिनिटं. विषय तुझा: यांत्रिक ऊर्जेचं उष्णतेत रूपांतर. सामान म्हणजे दोन फुटांचा प्लास्टिकचा पाईप, आत शिशाचे छर्रे, दोन्ही टोकांना बूच. नळी शंभर वेळा उलटी-सुलटी करायची, छर्रे दर वेळी वरून खाली आपटणार, आणि आपटून आपटून गरम होणार. आधी थर्मामीटर घालून बघायचं, नंतर बघायचं, दोन-तीन डिग्री वाढलेलं दाखवायचं. मला पाठ आहे सगळं. आठ दिवस घरी ती नळी मीच फिरवत होतो, खांदे भरून आले होते.

पाठाच्या दिवशी सकाळी मी ती नळी गरम पिठाच्या डब्यात उभी पुरून ठेवली. ज्वारीचं ताजं पीठ, हात घातला तर चटका बसेल असं. तासभर ठेवली, पुसली, टॉवेलात गुंडाळून तुला दिली. तू वर्गात थर्मामीटर घातलास तर आधीच सेहेचाळीस. तू फळ्यावर लिहिलंस. शंभर वेळा फिरवलंस. परत घातलास तर एक्केचाळीस. म्हणजे मेहनत केली की वस्तू थंड होते, असं सिद्ध केलंस तू. एक पोरगा म्हणाला, "मॅडम, गार झालं," आणि वर्ग हसून फुटला. मागे बसलेले ते ट्रस्टी विष्णुपंत म्हणाले, आमच्या वेळी हात चोळले की गरम व्हायचे.

तू घरी आलीस. विचारलंस, "नळीला हात लावलास तू?" मी हो म्हटलं. आणि हसलो. नोकरी दुसऱ्याला गेली आणि तू लांबच्या त्या आश्रमशाळेत.

मस्करी होती. सॉरी.

विनीत

ता. क. पाचने उतरेल असं मला वाटलं नव्हतं.

शुक्रवार, २९ ऑगस्ट

ताई,

लाडवांचा रिकामा डबा परत आला. आत चिठ्ठी शोधली, निघाला चुरा. खाल्ला.

इथे एक लफडं झालंय. तुला सांगायला पाहिजे कारण ते तुझ्याच विषयाचं आहे.

बदलापूर गावातल्या राजाबाई आजी आठवतात ना, डोक्यावर तांदळाचा डबा घेऊन चालत येतात, रिक्षात बसत नाहीत. आषाढात एकदा पीठ नेताना म्हणाल्या, "काय रं, येवडं तापतं कशानं ह्ये?" आता सरळ सांगायचं ना, दगडावर दगड घासतो म्हणून तापतं. पण माझं तोंड तुला माहीत आहे. मी म्हटलं, "लाईट उतरते ना आजी पिठात."

म्हणाल्या, "आन मंग खाल्ल्यावं?"

म्हटलं, रात्रभर डबा उघडा ठेवायचा, करंट निघून जातो. आणि उचलताना पायात रबरी चप्पल पाहिजे.

दुसऱ्या खेपेला आजी नवी कोरी रबरी चप्पल घालून आल्या. मी आत जाऊन पोत्यात तोंड खुपसून हसलो. झालं, विषय संपला असं मला वाटलं. पण त्यांनी ते गावभर सांगितलं. तसं गरम पिठाचं झाकण कोणी लगेच लावत नाहीच, वाफ धरते आणि पीठ खराब होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे माझं पण खरं वाटलं लोकांना. पिढ्यान् पिढ्या डबा उघडा ठेवायचं कारण आत्ता कळलं म्हणे. मग कोणाच्या तरी नातवाचं पोट दुखलं. करंट. कोणाच्या हाताला मुंग्या आल्या. करंट. गावातल्या बायांनी माळ्यावरची जाती खाली काढली.

दहा दिवस झाले, गावाकडून एक डबा आला नाही. आण्णांना काल कळलं का येत नाही ते. मारलं नाही. पट्टा काढून ठेवला मोटरचा, हात पुसले आणि म्हणाले, "तू तोंड उघडतोस आणि माणसं घर सोडून जातात."

ते गिऱ्हाइकांबद्दल बोलत होते बहुतेक.

आणि म्हणाले, तूच जा आणि निस्तर.

विनीत

शुक्रवार, १९ सप्टेंबर

ताई,

निस्तरलं. पण कसं ते वाच, तुझीच बी.एड.ची फी वसूल झाली.

माझ्या त्या दोस्ताला, दिपेशला सांगून उल्हासनगरातून एक थर्मामीटर मागवला. तो म्हणतो ओरिजिनल आहे, म्हणजे नाहीये. म्हणून आधी बर्फात घालून बघितला, शून्य दाखवतो. उकळत्या पाण्यात शंभरच्या जरा अलीकडे. चालतंय. तू म्हणायचीस ना, मोजायच्या आधी मोजणाऱ्याला मोजावं.

मग गेलो राजाबाईंच्या ओटीवर. आठ-नऊ बाया जमल्या होत्या. मी म्हटलं, तुमचं जातं काढा, त्याला वायर नाही, बटण नाही, ह्याच्यात करंट येईल कुठून? तांदळात थर्मामीटर घातला, अठ्ठावीस. मग आजींनी आणि त्यांच्या सुनेने दळलं. पाऊण पायली दळल्यावर पिठात घातला, बत्तीस. मी एकदम तुझ्यासारखा उभा राहून म्हटलं, "बघा, चार डिग्री वाढलं. घासलं की तापतं. गिरणीचे दगड जास्त जोरात फिरतात, म्हणून जास्त तापतं. बस एवढंच."

आजी माझ्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "काल म्हनलास करंट हाय, आज म्हनतोस नाय. काच तुझी, आकडा तुझा, त्वांड बी तुझंच. आमी काय धरायचं?"

ताई, पारा खरंच बत्तीसवर होता. मी आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी खरं सांगायला एवढ्या लांब गेलो, आणि ते माझ्या तोंडून निघालं म्हणून खोटं झालं.

शेवटी आजींनीच मूठभर तांदूळ एका गालाला लावले आणि पीठ दुसऱ्या गालाला. डोळे मिटून बसल्या जरा वेळ. मग म्हणाल्या, "ऊन हाय." सुनेच्या गालाला लावलं, ती पण म्हणाली ऊन आहे. मग सगळ्यांनी गाल पांढरे करून घेतले. आजी मला म्हणाल्या, "घासून तापतं म्हन की मंग. सरळ सांगाया काय झालं व्हतं तुला?"

डबे परत यायला लागले. आण्णांनी रात्री माझ्या ताटात दुसरं पापलेट टाकलं.

ह्या सगळ्यात मला एक कळलं. सुरुवात गार असली तरच वाढलेलं दिसतं. हे मला जूनमध्ये माहीत असतं तर मी
~~ती नळी~~

खोडलंय ते वाचू नकोस.

विनीत

शुक्रवार, १७ ऑक्टोबर, वसुबारस

ताई,

हे छोटंच आहे. आई काल देवासमोर रडली. मी स्वयंपाकघरातून ऐकलं. तू तिला सांगितलंस ना, तो घरात असेल तर मी दिवाळीला येणार नाही.

तर मी घरात नाहीये. उद्यापासून भाऊबीजेपर्यंत मी उल्हासनगरला दिपेशकडे राहणार. त्याच्या शेठच्या फर्निचरच्या दुकानात दिवाळीला सोफे उचलायला माणूस पाहिजेच असतो. शेठ सिंधी आहे, दिलदार आहे, जेवायला घालतो. आण्णांना सांगितलंय की काम मिळालंय. त्यांना खरं वाटलं, हा पण एक चमत्कार.

तू ये. आईने तुझ्या खोलीतल्या चादरी बदलल्यात. तुझी नळी मी धुऊन, वाळवून टेबलावर ठेवलीये. छर्रे एकूण एक आहेत, मोजले नाहीत पण आहेत. पिठाजवळ नेलेली नाही. आईची शपथ घेणार होतो, पण माझ्या शपथेला काय किंमत आहे ते राजाबाईंना विचार.

विनीत

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

ताई,

तू येऊन गेलीस. आई म्हणाली वजन कमी झालंय तुझं, आवाज मोठा झालाय. म्हणाली, सत्तर पोरांच्या वर्गात ओरडून ओरडून होतो.

मी घरी आल्यावर पहिले तुझ्या खोलीत गेलो. टेबलावर नळी नव्हती. कपाटात बघितलं, पलंगाखाली बघितलं, कचऱ्याच्या डब्यात पण बघितलं. नव्हती. म्हणजे तू घेऊन गेलीस.

मी तिथेच पलंगावर बसलो. आणि मग ठरवलं की हे लिहायचं.

ऑगस्टच्या पत्रात मी खोटं लिहिलं. मस्करी नव्हती ती.

पाठाच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, मी नळी फिरवली आणि पारा फक्त दोन चढला. नंतर गॅलरीत आईला म्हणालीस, "मागच्या बाकावरून दोन डिग्री कोणाला दिसणार गं?" तुझा आवाज कसातरीच झाला होता. तू विसरलीस की गॅलरीची खिडकी माझ्या डोक्यावर येते.

मला झोप नाही लागली. दोन डिग्रीवर तुझी नोकरी. मग माझ्या डोक्यात आलं की सुरुवातच गरम केली तर? पीठ माझ्याकडे आहेच. सेहेचाळीसला सुरू झालं तर फिरवून पन्नास होईल, पंचावन्न होईल, मागच्या बाकावरचा पोरगा पण उठून बघेल. हे माझं लॉजिक. दोनदा दहावीला बसलेल्याचं लॉजिक. डब्यात नळी अर्धीच पुरली होती. खालचं टोक गरम, वरचं गार. छर्रे त्या गार टोकाला जाऊन आपटणार आणि तिकडे सगळी गरमी देऊन टाकणार, शिवाय बाहेरची हवा, हे मला कुठे माहीत होतं. तू शंभर वेळा फिरवून जेवढं कमावलंस त्याच्या दुप्पट त्या नळीने सांडलं.

मग तू घरी आलीस आणि विचारलंस. तेव्हा दोन शब्द बोलायचे होते, मदत केली. पण ते माझ्या तोंडून निघालं असतं तर तू मानलं असतंस? आणि समज मानलं असतंस, तर? तर तुला कळलं असतं की घरातल्या एका माणसाला वाटत होतं तुला जमणार नाही. आठ दिवस तुझ्याबरोबर नळी फिरवणाऱ्याला. मस्करी करणारा भाऊ चालून जातो, ताई, प्रत्येक घरात असतो एक. भरोसा नसलेला कशाला पाहिजे कोणाला. म्हणून मी हसलो.

हे खरं आहे. तपासायला काही नाही. गालाला लावून बघता येत नाही.

विनीत

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ताई,

पोस्टकार्ड मिळालं.

पोस्टमन म्हणाला, "हे तुझं आहे वाटतं, पण ह्याच्यात काही लिहिलेलंच नाही नीट." मी वाचून दाखवलं त्याला, ऐक म्हटलं:

नाचणी २२. पीठ ४१. गावातली डिझेलची गिरणी. तीन मुलींनी वेगवेगळं वाचलं, तिघींचं सारखं.

ना प्रिय, ना सही. तरी मी ते चार वेळा वाचलं. आण्णांना दाखवलं, ते म्हणाले डिझेलच्या गिरणीला पीठ जाड येतं, दगडाला टाकी लावून नव्या खाचा पाडून घ्यायला सांग तिला. मग कार्ड उलटं करून बघितलं, परत सुलटं केलं आणि देवाच्या फोटोमागे ठेवलं.

तो "तिघींचं सारखं"चा टोमणा मला पोचला. बरोबर आहे. आता इथे पण तसंच करतो. गिरणीच्या भिंतीवर खडूने लिहायला सुरुवात केलीये, धान्य आत जाताना किती आणि पीठ बाहेर किती. पण वाचायचं गिऱ्हाईकानेच. मी फक्त थर्मामीटर धरतो. बाजरी २६, पीठ ५७. गहू २६, पीठ ६१. राजाबाईंना आकडे वाचता येत नाहीत म्हणून त्यांचा कॉलम वेगळा, त्यात "ऊन" आणि "लय ऊन" असं आहे.

कात्रपच्या बायांमध्ये आता पैजा लागतात कोणाचं जास्त गरम. एकीने हरभरा डाळ उन्हात ठेवून आणली. मी ओळखलं. मी नाही ओळखणार तर कोण.

विनीत

शुक्रवार, १९ डिसेंबर

ताई,

हे उभ्या उभ्या वाचू नकोस, बस.

मंगळवारी विष्णुपंत आले गिरणीत. तेच, ट्रस्टी. हातात पाच किलोचा डबा, मफलर. त्यांच्या घरची बाई सुट्टीवर गेलीये म्हणून स्वतः आले. मला वाटलं पोत्यामागे लपावं. आण्णा पण नव्हते.

डबा ठेवला आणि भिंत वाचत बसले. सगळी. मग चष्मा काढून विचारलं, "हे कोणी लिहिलं?"

मी म्हटलं गिऱ्हाइकांनी वाचलं, मी लिहिलं. आणि मग मी थांबलोच नाही. जूनचं सगळं सांगितलं. नळी, पीठ, सेहेचाळीस, एक्केचाळीस. माझी बहीण तेजस्वी, तिची काही चूक नव्हती, मी केलं.

गिरणी चालू होती, त्यांनी ऐकलं की नाही तेच मला नीट कळलं नाही. मग जवळ आले आणि म्हणाले, "बाळ, हे तू बहिणीला वाचवायला सांगतोयस, की खरं आहे?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"पुरावा?"

म्हटलं, नाही. पण तुमचा डबा आहे. त्यांचेच गहू, थर्मामीटर त्यांच्याच हातात दिला. आधी पंचवीस. दळून झाल्यावर कापडाच्या सोंडेतून पीठ पडायला लागलं तसा त्यात धरला. त्यांनी वाचलं, साठ. परत वाचलं. मग म्हातारा मफलर मागे टाकून कोपरापर्यंत हात पिठात घालून उभा राहिला. म्हणाले, "मी त्या दिवशी हात चोळायचं काहीतरी बोललो होतो."

मी म्हटलं हो.

म्हणाले, "बोलायला नको होतं."

जाताना सांगितलं, जूनमध्ये घेतलेले सर पुण्याला गेले. २१ जानेवारीला परत डेमो पाठ आहेत. अर्ज तिने करायचा. मी काही मदत करणार नाही, फक्त तारीख सांगितली. मी म्हटलं, सर, मी पण नाही करणार.

अर्जाचा कागद ह्यात ठेवलाय. कोरा आहे. मी नाव पण भरलेलं नाही.

विनीत

शुक्रवार, २३ जानेवारी २०२६

ताई,

तू परवा दोनच्या एसटीने परत पळालीस, पोरींची परीक्षा म्हणून. घरात धड बोलणं झालंच नाही. आईने तुला डबा दिला, आण्णांनी टाकी लावायची छिन्नी दिली त्या डिझेलवाल्यासाठी, आणि मी रिक्षा थांबवली. बस. त्यामुळे एक गोष्ट सांगायची राहिली. रिझल्ट लागेल तेव्हा लागेल, पण ही आत्ताच सांगतो.

तुझं दुसरं पोस्टकार्ड आलं, "२१ तारखेला अकरा वाजता ताज्या पिठाचा डबा घेऊन वर्गाच्या दारात उभा राहा," तेव्हा मी ते आईला तीनदा वाचायला लावलं. मला वाटलं माझीच कोणीतरी मस्करी करतंय.

सकाळी ज्वारी दळली. डबा टॉवेलात गुंडाळला, स्कूटरवर गुडघ्यांत धरला आणि शाळेत आलो. वर्ग भरलेला, मागे विष्णुपंत आणि अजून दोघं. तू माझ्याकडे बघितलंस. सात महिन्यांनी. आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "डबा दारातच ठेव. नळीपासून लांब."

पोरं हसली. विष्णुपंत सगळ्यात आधी हसले.

मला वाटलं माझं काम नंतर आहे, पीठ मागच्या बाकावर फिरवायचं. पण तू तुझा थर्मामीटर माझ्यासमोर धरलास. "हा माझा भाऊ, विनीत. तुमच्यातले बरेच जण ह्याला ओळखतात." ओळखतात म्हणजे काय, अर्ध्या वर्गाच्या आयांना मी काही ना काही सांगितलेलं आहे. तू म्हणालीस, "आजची रीडिंग हा वाचेल. तो सांगेल तो आकडा वहीत लिहायचा."

पहिलं वाचलं, चोवीस. पोरांनी चोवीस लिहिलं. मग नळी तू स्वतः फिरवलीस, शंभर वेळा. पोरं मोजत होती. साठनंतर तुझा खांदा दुखायला लागला, मला दिसलं. तू मला दिली नाहीस आणि मी मागितली नाही. शंभर झाल्यावर बूच काढलंस, मी थर्मामीटर घातला, आणि तू तोंड फळ्याकडे केलंस. खडू हातात, पाठ माझ्याकडे. तू बघितलंच नाहीस काच. मुद्दाम ना?

आता सांगायचं राहिलं ते हे.

पारा सत्तावीसवर होता. तीन डिग्री. मी मागच्या बाकाकडे बघितलं. तिथून काय दिसणार होतं, कप्पाळ. आणि परत तेच माझ्या डोक्यात आलं. तीस म्हण. एकदम तीस. कोण बघतंय. सहा डिग्री म्हणजे भारी वाटेल, नोकरी पक्की. जिभेवर आलं होतं, ताई. तुझी शपथ, जिभेच्या टोकावर तीस होतं.

विष्णुपंत काच बघायला उठले. अर्धे उठले, माझ्याकडे बघितलं, आणि परत बसले.

मी म्हटलं, "सत्तावीस."

तू फळ्यावर सत्तावीस लिहिलंस. बेचाळीस पोरांनी वहीत सत्तावीस लिहिलं. एकाने पण विचारलं नाही, खरं का.

मग तू म्हणालीस, मागच्या बाकावाल्यांना तीन डिग्री दिसत नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी गिरणीचं पीठ. मी डबा फिरवला, त्यांनी हात घातले, "आईशप्पथ" म्हणाले, पुढचं तू बघितलंसच. पण माझं लक्ष नव्हतं तिकडे. मी त्या वह्यांकडे बघत होतो. माझ्या तोंडचा आकडा, आणि खाली रेघ मारून पोरं वजाबाकी करत होती.

आई म्हणते, गेल्या वर्षीची राखी बाकी आहे. येत्या ऑगस्टला दोन बांध.

तुझा थर्मामीटर तू माझ्याकडेच ठेवून गेलीस. विसरलीस, की ठेवलास? विसरली असशील तर सांग, पाठवून देतो. नसशील तर आज शुक्रवार आहे, उद्या लाईट आली की पहिला डबा राजाबाईंचा आहे. त्यांनी कालच निरोप पाठवलाय, ह्या वेळेला त्यांच्यासाठी आकडा मी वाचायचा.

तुझा भाऊ,
विनीत